नानासाहेबांची उलटसभा

नानासाहेब वकील सभेत जे बोलत त्यातलं निम्मं मला कधी पटलं नाही. पटो न पटो, ते गावातल्या शेवटच्या घरापर्यंत स्वच्छ ऐकू जावं हा माझा धंदा होता. अकोल्याला जठारपेठेत माझं लाउडस्पीकरचं दुकान. लग्नं, कीर्तनं, कुस्त्या, गणपती आणि मधूनमधून निवडणुका. लग्नात आमच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. निवडणुकीत मात्र उमेदवाराच्या खालोखाल मान आमचा, कारण आम्ही बटण दाबलं नाही तर उमेदवार म्हणजे नुसता हातवारे करणारा माणूस. संपादकांनी "धंद्यातलं काही लिहा" म्हटलं तेव्हा कीर्तनकारांच्या गमती सांगाव्यात असं मनात होतं. पण कागद पुढे घेतला आणि आठवले ते नानासाहेब, आणि त्यांना भर सभेत अडवणारं माझ्याच घरातलं माणूस.

आधी धंद्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्या काळी, म्हणजे १९६०च्या आसपास, खेड्यात वीज नव्हती. मोटारीची बॅटरी बैलगाडीत घालून न्यायची, तिच्यावर आवाज वाढवणारं मशीन चालायचं. मशीनमध्ये काचेचे वाल्व्ह. ते तापून लाल झाल्याशिवाय आवाज निघत नसे, म्हणून पुढारी कितीही घाईत असला तरी त्याला आमच्यासाठी थांबावंच लागे. भोंगा कडुनिंबावर बांधायचा आणि वाऱ्याचा रोख पाहून त्याचं तोंड फिरवायचं. इथेच नवशिके फसतात. पातूरच्या बाजारात एकदा मी भोंग्याचं तोंड चुकीच्या बाजूला केलं, आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला भरलेल्या विरोधी सभेतल्या लोकांनी आमच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या. तिथला उमेदवार बिचारा खुशीत येऊन दर टाळीला मान लववत होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. भोंग्याची वायर हवी तेवढी लांब न्या, काही बिघडत नाही. माईकची वायर मात्र आखूडच हवी. ती लांबवली की मशीन गुणगुणायला लागतं आणि माणसाचा आवाज त्यात बुडून जातो. म्हणून मशीन आपलं मंचाच्या पायाशी आणि माईक हाताच्या अंतरावर, अशी आमची सगळ्यांची मांडणी.

आता नानासाहेब. अकोल्याचे नामांकित वकील, पातूरकडे वडिलोपार्जित काळी जमीन, अंगात काळा कोट, खाली धोतर, डोक्याला काळी टोपी. पक्ष कुठलाच नाही, नेहमी अपक्ष. विचारांनी अगदी जुन्या वळणाचे, आणि ते लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही. दिल्लीहून एखादं नवं धोरण निघालं की नानासाहेब त्याच्या विरुद्ध आहेत हे आम्ही पेपर न वाचता ओळखायचो. त्यांच्या भाषणाचा क्रम मला पाठ झाला होता. आधी सहकारी शेती, मग जमिनीची कमाल मर्यादा, मग परवाने आणि धान्याची जिल्हाबंदी, मग गोवधबंदी, मग वेगळा विदर्भ, आणि शेवटी मुलींच्या वारसाहक्काचा कायदा. गोवधबंदी आणि विदर्भ एवढे दोनच त्यांना हवे होते, बाकी सगळ्याला विरोध.

एवढ्यावर थांबते तर ते इतरांसारखेच एक झाले असते. पण भाषण संपलं की ते मंचावरून उतरत, सतरंजीवर लोकांत मांडी घालून बसत आणि म्हणत, "वसंतराव, माईक त्यांना द्या. ज्याला माझं बोलणं टोचलं असेल त्यानं आधी बोलावं." याला लोकांनी नाव पाडलं होतं उलटसभा. मी माईक घेऊन वायर पुरेल तेवढा लोकांत शिरायचो. माईक हातात धरायची कुणाला सवय नव्हती. कुणी तो चिलमीसारखा मुठीत धरून त्यात फुंकर मारी, कुणी बोलून झालं की उत्तर ऐकायला कानाला लावी. एका म्हाताऱ्याने तर आधी त्याला नमस्कार केला.

प्रश्न मात्र नेमके असत. वऱ्हाडी माणूस प्रश्न विचारताना आडपडदा ठेवत नाही. नानासाहेब सांगत, "अहो, दोन सख्खे भाऊ एका विहिरीवर पाण्याची पाळी सांभाळू शकत नाहीत, आणि सरकार म्हणतं अख्ख्या गावानं मिळून शेती करा!" त्यावर एक जण उठला.

"साहेब, तुमचं न् तुमच्या भावाचं इहिरीचं भांडण कोर्टात हाय म्हनते लोक. खरं हाय का?"

"खरं आहे," नानासाहेब म्हणाले. "म्हणूनच अनुभवानं सांगतो."

कुटुंबनियोजनाची चर्चा सुरू झाली तेव्हा सरकारने लोकांच्या घरात डोकावू नये असं ते म्हणायला लागले. एका मास्तरांनी आदबीने विचारलं, "आपल्याला अपत्यं किती?" नानासाहेबांना एकच मुलगा. सभेत हशा पिकला. हशा ओसरू देऊन ते म्हणाले, "एकच. पण सरकारला विचारून नव्हे!" मग दुसरा हशा झाला, तो त्यांच्या बाजूचा.

गायीचा प्रसंग तर सगळ्या तालुक्यात गाजला. संपूर्ण देशात गोवध बंद झाला पाहिजे असं नानासाहेब पातूरजवळच्या एका खेड्यात तावातावाने सांगत होते. एक शेतकरी उठून म्हणाला, "गाय आटली, म्हातारी झाली. तिले मारू नये हे बराबर हाय. पन तिले चारा कोन देईन? तुमी देसान का?" नानासाहेब भरात होते. म्हणाले, "तुला जड होत असेल तर माझ्या दारात आणून बांध!" वारा त्या दिवशी माझ्या बाजूचा होता. भोंग्याने ते वाक्य आजूबाजूच्या सगळ्या गावांना पोचवलं. आठवडा उलटायच्या आत नानासाहेबांच्या अकोल्याच्या बंगल्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. अशिलांना गायींमधून वाट काढत ऑफिसात जावं लागे. नानासाहेबांनी एकही गाय परत पाठवली नाही. सगळ्या शेतावर नेऊन सांभाळल्या आणि मत तसूभर बदललं नाही. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तेवढं बजावलं, "पुढच्या सभेत म्हशीचं नाव काढू नका."

उत्तर नसलं तर नानासाहेब काय करत, हेही सांगायला हवं. अमरावतीला ते वेगळ्या विदर्भावर बोलले. सभा रंगली होती. एका पेन्शनर गृहस्थांनी माईक मागून घेतला.

"वेगळं राज्य झालं तं राजधानी कुठी?"

"नागपूरला. दुसरी कुठे?"

"मंग मुंबई दूर हाय तेच बरं हाय, साहेब. नागपूरवाले रोज येतीन."

अमरावतीकर असे हसले की माझ्या मशीनची सुई हलली. नानासाहेबही हसले. मग माईकमध्ये स्पष्ट म्हणाले, "याचं उत्तर माझ्याजवळ नाही. उत्तर बाकी. सुचलं की घरी येऊन सांगीन." आणि खरंच, काही महिन्यांनी कोर्टाच्या कामाला अमरावतीला गेले तेव्हा ते त्या गृहस्थांचं घर शोधत गेले आणि उत्तर देऊन आले. त्या गृहस्थांना ते पटलं की नाही मला ठाऊक नाही. पण वकील आपल्या घरी उत्तर द्यायला आला हे त्यांनी अमरावतीभर सांगितलं.

राहिला शेवटचा मुद्दा, मुलींचा वावरातला, म्हणजे शेतजमिनीतला, वारसाहक्क. या मुद्द्याला प्रत्येक गावात सगळ्यात जास्त टाळ्या पडत. नानासाहेब म्हणत, "आपल्या घरात लेकीवर प्रेम कमी आहे का? पण वावर म्हणजे लुगडं नव्हे, फाडून वाटायला. आधीच तुकडे फार. त्यात लेकींचे हिस्से पडले तर बैल वळवायला जागा राहणार नाही." आणि मग मोठ्या अभिमानाने, "कायदा आल्यापासून हा मुद्दा मी गावोगाव मांडतोय. दर सभेत बायकांना सांगतो, तुम्हीही विचारा. आजवर एकाही बाईची हरकत आलेली नाही!"

पुरुष पुन्हा टाळ्या वाजवत. बायका दूर देवळाच्या ओट्यावर, नाहीतर एखाद्या भिंतीच्या आडोशाला बसलेल्या असत. त्या वाजवत होत्या की नाही हे मंचावरून दिसत नसे.

एकदा जेवताना मी हे सगळं आमच्या घरात सांगत होतो. आमच्या घरात म्हणजे माझी पत्नी विमल हिला. तिचं माहेर परतवाड्याकडचं. सासऱ्यांनी स्वतः कष्टाने वावर घेऊन त्यात संत्र्याची झाडं लावली होती. आदल्या वर्षी ते वारले. मागे विमलचे तीन भाऊ आणि ती. भावांनी आपसात वाटणी ठरवून टाकली होती, फक्त बहिणीची हक्कसोडीवर सही बाकी होती. आमच्याकडे याची एक रीत आहे. भाऊ बहिणीला चांगलं लुगडं-चोळी घेऊन येतो, बहीण हक्क सोडल्याची सही करते, आणि सगळे म्हणतात, माहेर टिकलं. विमल रडली होती ती बापासाठी. सहीचं म्हणाल तर ती "पाहू" म्हणून टाळत होती, आणि थोरल्या भावाची पत्रावर पत्रं येत होती.

तर मी नानासाहेबांचं ते "एकाही बाईची हरकत नाही" सांगितलं. विमल भाकरी थापता थापता थांबली.

"हरकत कुठून येईन? तुमची वायर बायापर्यंत जाते कुठी?"

मी तिला समजावून सांगितलं की माईकची वायर लांबवता येत नाही, मशीन गुणगुणतं. धंद्यातली ही बाब आहे, सगळीकडे असंच असतं. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"मंग मशीनच उचलून मधात ठेवा ना. चूल दूर असन तं आपन ताट लांबवत नाई, उठून चुलीपाशी बसतो."

मला हसू आलं, आणि घास हातातच राहिला. इतकी वर्षं धंदा केला, पण मशीन मंचाच्या पायाशीच असलं पाहिजे असं कुठे लिहिलं होतं? भोंग्याच्या वायरी तर कितीही लांब चालतात. मशीन मधोमध ठेवलं तर माईक मंचापर्यंत जाईल आणि बायकांपर्यंतही जाईल. हे मला सुचलं नव्हतं, कारण कुणी मागितलंच नव्हतं.

"काहून? तुला काही विचारायचं आहे का नानासाहेबांना?" मी गमतीत म्हणालो.

"हो," ती म्हणाली. ती गंमत करत नव्हती.

निवडणूक तोंडावर होती. नानासाहेब याआधी दोनदा पडले होते, पण या खेपेला समोरच्या दोघांत मतं फुटत होती आणि नानासाहेब निवडून येणार असं पैजा लावणारेही म्हणत होते. शेवटची सभा जठारपेठेजवळच्या मैदानात, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. नानासाहेबांचा भाचा बाबाराव सगळी व्यवस्था पाहायचा. उलटसभा टाळायला तो सबबी शोधायचा. गायींच्या प्रकरणापासून तर जास्तच.

दुपारी मी बांबू रोवत होतो तेव्हा तो आला. "वसंतराव, आज भाषन झालं का बॅटरी उतरली असं सांगजा. मामा ऐकत नाईत. शेवटच्या दिवशी कोनी काही विचारलं न् फजिती झाली तं पुरं इलेक्शन जाईन."

"आजच चार्ज करून आणली हो. सगळ्यांसमोर खोटं कसं सांगू?"

"मामा पडले तं तुमचा भोंगाही पडला समजा," असं म्हणून तो गेला. धमकी नव्हती ती, तो खरोखर घाबरला होता. मीही घाबरलो. नानासाहेबांच्या ओळखीवर मला निम्म्या जिल्ह्याची कामं मिळत होती. शिवाय त्याच दिवशी परतवाड्याहून विमलचा थोरला भाऊ आला होता, पिशवीत जरीकाठी लुगडं आणि सहीचा कागद घेऊन. तो नानासाहेबांचा भक्त. "सभा ऐकतो, मंग रात्री सही करून टाकू," म्हणून माझ्याबरोबरच मैदानावर आला आणि पुढे जाऊन बसला.

मी मशीन उचललं आणि मैदानाच्या मधोमध एका टेबलावर ठेवलं. लोक म्हणाले, आज वसंतराव लोकांत आले. मी म्हटलं, आज वारा तसा आहे.

भाषण छान झालं. शेवटच्या मुद्द्याला टाळ्यांचा नुसता कडकडाट. माझा मेव्हणा तर उभा राहून टाळ्या वाजवत होता. "आजवर एकाही बाईची हरकत आलेली नाही!" म्हणून नानासाहेब खाली उतरले आणि सतरंजीवर बसले. मी माईक हातात घेऊन पुरुषांकडे पाठ केली आणि बायकांकडे चालायला लागलो.

बायकांत बसलेली विमल उठून उभी राहिली. पदर नीट केला. माईक तिने लाटण्यासारखा घट्ट धरला.

"नानासाहेब, तुमी म्हनता पोरीले वावर देऊ नका, तुकडे होतात. माह्या बाबाले तीन पोरं. वावराचे तीन तुकडे झाले तवा कोनी म्हनलं नाई का वावर फाटलं. मी चवथी आली तवाच ते फाटते का?"

मशीन गुणगुणलं नाही. वायर आखूड होती. एकेक शब्द भोंग्यातून जठारपेठेच्या गल्ल्यांतून फिरला. माझा मेव्हणा उभाच होता, आता बसावं की नाही हे त्याला कळेना. बाबारावने डोक्याला हात लावला. बायकांच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं.

नानासाहेब सतरंजीवरून हळूहळू उठले.

"बाई, आपण कुणाकडच्या?"

विमलने माझ्याकडे बोट दाखवलं. "या भोंगेवाल्याकडच्या."

मैदान हसून हसून लोटपोट झालं. नानासाहेबांनी मधोमध आलेलं मशीन पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "वसंतराव, माईक इकडे आणा. चालू आहे ना?"

"चालू आहे."

"याचं उत्तर माझ्याजवळ नाही," ते माईकमध्ये म्हणाले. "उत्तर बाकी. सुचलं की घरी येऊन सांगीन." थोडं थांबून, "आणि हरकत आलेली नाही असं मी म्हणत होतो, ते आजपासून म्हणणार नाही."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या बांगड्या एकदम वाजलेल्या मी लग्नातही ऐकल्या नव्हत्या. मग एकेकीने माईक मागितला. एकीने नळाचं विचारलं, एकीने रेशनच्या ज्वारीत खडे का येतात ते विचारलं, एका आजीने नानासाहेबांना "तुमी वाळले दिसता" असंही सांगून घेतलं. सभा संपता संपेना.

घरी मात्र हसायला कुणी नव्हतं. मेव्हणा पाटावर बसला नाही. "विमल, घरातली गोष्ट तू मैदानात नेली," एवढंच म्हणाला. लुगडं खाटेवर ठेवून तो स्टेशनावर निघून गेला. भाऊ आपल्या घरून न जेवता गेला हे विमलच्या जिवाला फार लागलं. ती म्हणाली, "मी चुकली का?" मी म्हटलं, "चुकली असतीस तर नानासाहेबांना उत्तर सुचलं असतं." पण तिच्या डोळ्यांतलं पाणी काही थांबलं नाही.

नानासाहेब पडले. थोडक्यात पडले. बाबाराव भेटेल त्याला सांगत सुटला की एका बाईने आणि एका वायरीने मामाला पाडलं. मी दुकानाचं अर्धं शटर ओढून बसायला लागलो. मग एका सकाळी दुकानासमोर नानासाहेबांचा टांगा थांबला. मला वाटलं, आता बिनपाण्याने हजामत करणार. ते म्हणाले, "घरी आहेत का बाई? उत्तर सुचलंय."

विमलने चहा ठेवला. नानासाहेब खाटेवर बसून कोर्टात बोलावं तसे बोलायला लागले. "मुलगा हिस्सा घेतो, पण म्हातारपणी आईबापाला तोच सांभाळतो. म्हणून वावर त्याच्याकडे जाणं रास्त."

"माहे बाबा शेवटी आजारी होते तवा कुठी होते, माहीत हाय?" विमल म्हणाली. "या खाटेवर. तुमी बसले तिथीच."

नानासाहेबांनी खाटेकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि टोपी घालून उठले. दारात थांबून विचारलं, "सही केली का?"

"नाई."

"करू नका. कायदा मला आवडत नाही. पण कायदा आहे तोवर तो पाळायचा असतो, आवडो न आवडो. आपल्या थोरल्या भावाला मला भेटायला सांगा." मी मध्येच म्हटलं, "नानासाहेब, आमच्यामुळे आपली निवडणूक..." त्यांनी हात हलवला. "प्रश्नाने पडायचा माणूस आज नाही तर उद्या पडतोच. पुढच्या सभेलाही मशीन मध्येच ठेवा."

मेव्हण्याला त्यांनी बोलावून काय सांगितलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्या भाऊबीजेला तिन्ही भाऊ आले. थोरला म्हणाला, "विमल, वाटनी चार हिश्शाची केली. तुह्या हिश्शात बाबाच्या हातचे संत्र्याचे झाडं हायेत. मशागत मी करतो, माल तुले आनून देतो. आता ओवाळ लवकर, भूक लागली हाय." विमलने ते जरीकाठी लुगडं नेसून तिघांना ओवाळलं. मी मुकाट्याने वाढायला घेतलं, कारण घरात दुसरं कुणी ताळ्यावर नव्हतं.

तेव्हापासून दर बहाराला परतवाड्याहून संत्री येत, आणि त्यातली एक टोपली विमल नानासाहेबांकडे पाठवी. आणि दर वर्षा-सहा महिन्यांनी नानासाहेब नवं उत्तर घेऊन येत. एकदा म्हणाले, "लेक सासरी दूर जाते. तिच्या वावराकडे कोण पाहणार?" विमल म्हणाली, "तुमचं वावर पातूरले, तुमी अकोल्यात. कोन पायते?" एकदा म्हणाले, "मुलीची जमीन जावयाच्या ताब्यात जाते." विमलने माझ्याकडे पाहिलं. "हे? हे वायरी सोडून कायलेच हात लावत नाईत." नानासाहेब मोठ्याने हसले आणि आणखी एक कप चहा मागितला. मी या दोघांच्या वादात कधी पडलो नाही. मला तेव्हा वाटायचं, हे उत्तर कधीच सापडू नये.

साठच्या दशकाच्या शेवटी नानासाहेबांनी उभं राहणं सोडलं. तब्येत साथ देत नव्हती. पण त्यांच्याच विचारांचा एक तरुण वकील उभा होता, त्याच्यासाठी त्यांनी पातूरला एक सभा घेतली. बाजाराच्या मैदानात मी मशीन मधोमध लावलं. तोवर आमच्या भागात ती रीतच पडली होती आणि बायका हक्काने माईक मागायच्या. नानासाहेब खुर्चीवर बसून बोलले. आवाज बारीक झाला होता, मी मशीनचं बटण थोडं जास्त फिरवून ठेवलं. तोच क्रम. सहकारी शेतीला विरोध, कमाल मर्यादेला विरोध, परवान्यांना विरोध. गोवधबंदीला पाठिंबा देऊन झाल्यावर घाईघाईने, "पण गायी आता माझ्याकडे आणू नका," असंही सांगितलं. मग वेगळा विदर्भ. मग शेवटचा मुद्दा आला आणि ते थांबले.

"मुलींच्या हिश्शाबद्दल माझं मत होतं तेच आहे," ते म्हणाले. "पण त्यावर मी बोलणार नाही. जठारपेठेत मला एका बाईंनी प्रश्न विचारला आहे. त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. ते देईपर्यंत या विषयावर बोलायचा मला अधिकार नाही."

एवढं बोलून त्यांनी माईक माझ्या हातात दिला. तो तरुण वकील चुळबुळत बसला, कारण नेमक्या टाळ्यांच्या जागी भाषण संपलं होतं. मी माईक घेऊन बायकांकडे वळलो.

घरी आलो तेव्हा विमल पडवीत संत्री निवडत बसली होती. मृग बहाराचा माल त्याच दिवशी आला होता. मी तिला सभा जशीच्या तशी सांगितली. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "मत तेच हाय म्हनले का?"

"हो. होतं तेच आहे म्हणाले."

"असं का?" तिने नानासाहेबांची टोपली पुढे ओढली. "मंग या खेपेला आंबट आंबट निवडून घालतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली पोचवायला मीच निघालो. वाटेत राहवेना, म्हणून वरचं एक संत्रं काढून सोललं. साखरेसारखं गोड होतं. खालचंही एक काढून पाहिलं. तेही तसंच निघालं.